अनुदान देणारे सरकार पहिले गिऱ्हाईक कधी होणार?

३ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीच्या भारत मंडपममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधीचा आरंभ झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेला त्याच वर्षी १ जुलै रोजी मान्यता दिली होती. हा आकडा केवढा मोठा आहे हे समजण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. २०२०-२१ या वर्षात सरकारी प्रयोगशाळा, विद्यापीठे आणि खासगी कंपन्या मिळून संपूर्ण देशाने संशोधनावर केलेला खर्च सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये होता. सकल देशांतर्गत उत्पादनाशी त्याचे प्रमाण जेमतेम ०.६४ टक्के आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के. खासगी क्षेत्राने संशोधनात अधिक पैसा घालावा, हा नव्या निधीचा हेतू आहे. त्याचे स्वागत व्हायला हवे आणि ते झालेही आहे. परंतु लहान कंपन्यांच्या बाबतीत घोडे नेमके कुठे पेंड खाते, याची चर्चा मात्र या स्वागताच्या गजरात मागे पडली आहे.

प्रथम हा निधी काय देतो ते पाहू. तो अनुदान देत नाही. दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा शून्य व्याजाचे कर्ज आणि भागभांडवल अशा स्वरूपात, दुसऱ्या स्तरावरील निधी व्यवस्थापकांमार्फत तो पैसा पुरवतो. शिवाय जे तंत्रज्ञान सिद्धतेच्या चौथ्या पातळीपर्यंत पोहोचले आहे, त्यालाच तो हात देतो. या पातळ्यांची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मूळ नासाची. पहिल्या पायरीवर केवळ मूलतत्त्व ठाऊक असते, चौथ्या पायरीवर घटक प्रयोगशाळेत एकत्र चालताना दिसतात आणि नवव्या पायरीवर वस्तू प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालेली असते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला या पायऱ्यांचा अर्थ एका उदाहरणाने चटकन कळेल. हवेतील विशिष्ट वायूचे प्रमाण लेसरने मोजणारा एक संवेदक घ्या. प्रयोगशाळेत तो कंपनरोधक टेबलावर, वातानुकूलित खोलीत, स्थिर विद्युतदाबावर चालतो आणि त्यावर उत्तम शोधनिबंधही प्रसिद्ध होतो. तोच संवेदक राजस्थानात मे महिन्याच्या उन्हात खांबावर बसवला की लेसरची तरंगलांबी तापमानाबरोबर सरकते, भिंगांवर धूळ बसते, विद्युतदाब हेलकावे खातो. यातला एकही प्रश्न नव्या भौतिकशास्त्राचा नाही, म्हणून त्यावर शोधनिबंध होत नाही. वस्तू अजून विकण्याजोगी नाही, म्हणून गुंतवणूकदारही पुढे येत नाही. या मधल्या प्रदेशात लहान कंपनीला सार्वजनिक पैशाची खरी गरज असते, कारण येथील जोखीम मोठी असते आणि यश मिळाले तर त्याचा लाभ त्या कंपनीपुरता राहत नाही.

भारतात अशा अनुदानांची परंपरा नवी नाही. तंत्रज्ञान विकास मंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले. जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये लघुउद्योगांच्या संशोधनासाठी स्वतंत्र योजना सुरू केली आणि २०१२ मध्ये ‘बायरॅक’ ही संस्था उभी राहिली. तिच्या ‘बिग’ योजनेतून नव्या कल्पनेला १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘निधी प्रयास’ योजना पहिले प्रारूप घडवण्यासाठी १० लाखांपर्यंत देते. २०२१ च्या स्टार्टअप इंडिया बीज निधी योजनेत संकल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची सोय करण्यात आली. संरक्षण क्षेत्रात २०१८ पासून ‘आयडेक्स’ आहे. रकमा लहान वाटतील. पण तीन-चार तरुण अभियंते आणि उधारीवरची उपकरणे एवढ्यावर उभ्या असलेल्या कंपनीला त्या जीवदान देतात.

म्हणजे जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर अनुदान आहे आणि वरच्या पायऱ्यांसाठी आता एक लाख कोटींचा निधी आला आहे. मग अडते कुठे? अडते ते विक्रीपाशी. अनुदान संपते, प्रारूप तयार असते, चाचण्याही झालेल्या असतात; पण ते विकत घेणारा पहिला ग्राहक नसतो. आणि भारतात आरोग्य, संरक्षण, रेल्वे, पाणीपुरवठा, प्रदूषण-मापन, प्रयोगशाळा-उपकरणे अशा कितीतरी क्षेत्रांत हा ग्राहक बहुतांशी सरकारच असते. एका दाराने अनुदानाचा धनादेश देणारी यंत्रणा दुसऱ्या दारावर ‘पूर्वानुभव आहे का?’ असे विचारून त्याच कंपनीला परत पाठवते. जन्म द्यायचा आणि नाव ठेवायला नकार द्यायचा, असा हा प्रकार आहे.

लघुउद्योगांना संशोधन-अनुदान देण्याचा सर्वांत जुना आणि सर्वाधिक अभ्यासला गेलेला प्रयोग अमेरिकेचा. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानातील अधिकारी रोलंड टिबेट्स यांनी १९७७ मध्ये एक छोटा कार्यक्रम सुरू केला. १९८२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि ज्या संघराज्य विभागांचे बाह्य संशोधनाचे अंदाजपत्रक दहा कोटी डॉलरहून अधिक आहे, त्यांनी त्यातील ठरावीक वाटा लघुउद्योगांसाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. आरंभी हा वाटा ०.२ टक्के होता. पुढे तो वाढत ३.२ टक्क्यांवर गेला. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की हा वाटा कायद्याने ठरलेला आहे, कुणा मंत्र्याच्या वा सचिवाच्या मर्जीने नव्हे. दुसरी अधिक महत्त्वाची. या कार्यक्रमाचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात कल्पनेची शक्यता तपासायची, दुसऱ्यात प्रारूप घडवायचे. तिसऱ्या टप्प्यात या निधीतून एक डॉलरही मिळत नाही. त्याऐवजी सरकारी विभागाला ती वस्तू पुन्हा स्पर्धात्मक निविदा न काढता थेट त्या कंपनीकडून घेता येते, कारण स्पर्धा आधीच्या टप्प्यांत झालेली असते. अनुदानाची रचना करतानाच खरेदीचा दरवाजा त्यात बसवलेला आहे.

या कार्यक्रमाचे मूल्यमापनही झाले आहे. सब्रिना हॉवेल या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी ऊर्जा विभागाच्या अनुदानांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. अनुदानाच्या उंबरठ्यावर किंचित अलीकडे राहिलेल्या आणि किंचित पलीकडे गेलेल्या कंपन्यांची त्यांनी तुलना केली. पहिल्या टप्प्याच्या सुमारे दीड लाख डॉलरच्या अनुदानाने पुढे खासगी साहसवित्त मिळण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट झाली. त्यामानाने दुसऱ्या टप्प्याच्या दहा लाख डॉलरच्या अनुदानाचा परिणाम फारच क्षीण आढळला. पहिल्या पैशातून कंपनी प्रारूप करून दाखवू शकली आणि त्या प्रारूपाने अनिश्चितता कमी झाली, हे त्याचे कारण. यातून भारताने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. लवकर मिळालेली लहान रक्कम आपले काम चोख बजावते. प्रारूपानंतर केवळ मोठी रक्कम ओतत राहिल्याने तेवढा लाभ होत नाही. तेथे गरज असते ती मागणीची.

आपल्याच देशातील दोन उदाहरणे हा फरक दाखवतात. दोन्हींचे मूळ बंगळूरमध्ये आहे.

पहिले ‘सिंप्युटर’चे. भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि एक स्थानिक सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून या शतकाच्या आरंभी हातात मावणारा, भारतीय भाषांत बोलणारा, स्वस्त संगणक घडवला. स्मार्टफोन येण्यापूर्वीचा तो काळ. कर्नाटकात भूमी अभिलेखांसाठी आणि छत्तीसगडमधील शाळांत त्याचे प्रयोग झाले. सार्वजनिक क्षेत्रातील भारत इलेक्ट्रॉनिक्सने उत्पादनाला हात दिला आणि २००४ मध्ये तो बाजारात आला. प्रयोग झाले; पण प्रयोगामागोमाग यावी अशी मोठी मागणी काही आली नाही. पुढे मोबाइल फोन स्वस्त होत गेले आणि सिंप्युटर इतिहासजमा झाला. सरकारी मागणी आली असती तर तो निश्चित टिकला असता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण प्रत्यक्ष वापरातून सुधारत जाण्याची जी संधी कोणत्याही यंत्राला लागते, ती त्याला मिळाली नाही, एवढे खरे.

दुसरे उदाहरण ‘ट्रूनॅट’चे. २००० मध्ये सुरू झालेल्या बिगटेक या छोट्या कंपनीने क्षयरोगाच्या जंतूचा डीएनए शोधणारे, बॅटरीवर चालणारे, वातानुकूलित प्रयोगशाळेची गरज नसलेले यंत्र विकसित करायला घेतले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या ‘निमितली’ या कार्यक्रमाचे साहाय्य तिला लाभले. उत्पादनाची बाजू गोव्यातील मॉलबायो या कंपनीने सांभाळली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हे यंत्र प्रत्यक्ष आरोग्य केंद्रांत तपासले, राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने ते स्वीकारले आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यताही त्याला मिळाली. त्याच वर्षी करोनाची साथ आली, तेव्हा हीच यंत्रे जिल्ह्या-तालुक्यांत करोनाच्या चाचण्यांसाठी वापरता आली. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. त्यामुळे या यंत्राचे मोल केवळ उद्योगाच्या हिशेबात मोजण्यासारखे नाही.

ट्रूनॅटच्या यशाचे श्रेय त्याच्या निर्मात्यांच्या चिकाटीला आहेच. परंतु साखळीकडे नीट पाहावे. एका सरकारी संस्थेने संशोधनाला पैसा दिला, दुसरीने निःपक्ष चाचणी केली, तिसरीने खरेदी केली. तिन्ही कड्या जुळल्या आणि म्हणून यंत्र गावापर्यंत पोहोचले. दुःख एवढेच, की या कड्या जुळायला दोन दशके लागली. एवढा काळ तग धरणारी कंपनी विरळा. बाकीच्यांचा श्वास मध्येच तुटतो.

हाच प्रश्न आता अधिक तीव्रतेने पुढे येणार आहे, तो क्वांटम तंत्रज्ञानात. एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याअंतर्गत आठ स्टार्टअप कंपन्यांची निवड जाहीर झाली. त्यांच्या कामाची यादी भौतिकशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हुरूप देईल अशी आहे. आयआयटी मुंबईतून निघालेली डिमिरा ही कंपनी अतिशीत तापमानात चालणाऱ्या केबल बनवते, पुण्याची क्यूप्रयोग प्रकाशीय आण्विक घड्याळांवर काम करते, बंगळूरची एक कंपनी एकेक फोटॉन टिपणारे अतिवाहक शोधक घडवते, तर दिल्लीतील एक अचूक डायोड लेसर. आता विचार करावा : अतिशीत केबल किंवा एकल-फोटॉन शोधक देशात कोण विकत घेणार? दुकानात त्याला गिऱ्हाईक नाही. ते आहे आयआयटी, आयसर, टाटा मूलभूत संशोधन संस्था, संरक्षण आणि अवकाश प्रयोगशाळा यांच्यात. म्हणजे जवळजवळ सर्वच ग्राहक सार्वजनिक पैशावर चालणारे आहेत. त्यांनी सवयीने परदेशी कॅटलॉग उघडला, तर अभियानाचे अनुदान घेऊन घडलेली देशी वस्तू कपाटातच राहील.

नियम याला आडवे येतात का? कागदावर पाहिले तर फारसे नाही. सामान्य वित्तीय नियमांनुसार गुणवत्तेशी तडजोड न करता स्टार्टअपना पूर्वानुभव आणि पूर्वीच्या उलाढालीच्या अटींतून सूट देता येते. सूक्ष्म व लघुउद्योगांकडून किमान २५ टक्के खरेदी करण्याचे धोरण आहे. लघुउद्योगाचे देणे ४५ दिवसांच्या आत चुकवण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही आहे. जून २०२५ मध्ये तर संशोधन संस्थांच्या प्रमुखांना वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीत बरीच मोकळीक देण्यात आली.

मग अडचण कशात आहे? ‘सूट देता येते’ आणि ‘सूट द्यावी लागते’ या दोन वाक्यांमधील अंतरात. खरेदीच्या कागदावर सही करणारा अधिकारी वा प्राध्यापक वेडा नसतो. नामवंत परदेशी कंपनीचे उपकरण बंद पडले, तर दोष कंपनीचा. नवख्या देशी कंपनीचे बंद पडले, तर ‘अनुभव नसलेल्या पुरवठादाराला काम का दिले?’ हा लेखापरीक्षणातील प्रश्न त्या अधिकाऱ्याच्या नावावर लागतो. योग्य जोखीम घेतल्याबद्दल त्याला शाबासकी मिळण्याची सोय नाही. चुकल्यास चौकशीची मात्र पक्की सोय आहे. त्यातून सर्वांत कमी किमतीच्या निविदेला काम देण्याची रूढी. पहिल्या दहा नगांची किंमत पुढच्या दहा हजार नगांपेक्षा जास्त असणारच. तेथे नवी वस्तू हरते. आणि ४५ दिवसांच्या नियमाबद्दल सांगायचे तर ज्या एकमेव ग्राहकावर कंपनीचे अस्तित्व अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध व्याजासाठी तक्रार करायला कोण धजावेल?

वेळेची किंमत लहान कंपनीला कशी मोजावी लागते, हे साध्या अंकगणिताने कळते. समजा, कंपनीत चार जण आहेत आणि प्रत्येकाचे वेतन महिना ६० हजार रुपये आहे. वेतनाचाच खर्च महिन्याला २ लाख ४० हजार झाला. अनुदानाचा हप्ता किंवा पुरवलेल्या मालाचे बिल पाच महिने लांबले, तर १२ लाख रुपये हवेत विरले. ५० लाखांच्या अनुदानाचा जवळजवळ चौथा हिस्सा केवळ वाट पाहण्यात गेला. मोठ्या उद्योगाला हा विलंब ताळेबंदातील एक ओळ वाटेल. लहान कंपनीत मात्र तिचा सर्वांत हुशार अभियंता याच पाच महिन्यांत दुसरी नोकरी शोधतो.

याला एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकारला उद्याचे विजेते ओळखता येत नाहीत. सर्वांत कमी किमतीचा नियम सैल केला तर त्यातून ओळखीच्यांची सोय होईल, भ्रष्टाचार वाढेल, अनुदानांवरच जगणाऱ्या कंपन्या निपजतील. अमेरिकेतही एकामागून एक अनुदाने मिळवणाऱ्या, पण बाजारात काहीच न आणणाऱ्या कंपन्यांवर टीका झाली आहे. परंतु या आक्षेपाचे खरे उत्तर पहिल्या खरेदीतच आहे. अनुदान मिळवण्यासाठी चांगला प्रस्ताव लिहिता येणे पुरते. खरेदीसाठी वस्तू चालावी लागते. जी कंपनी केवळ प्रस्तावांवर जगते, ती खरेदीच्या कसोटीवर आपोआप उघडी पडते. विजेते निवडण्याचे काम अधिकाऱ्यावर न सोपवता खुल्या, निःपक्ष चाचणीवर सोपवले, तर मर्जीला वाव उरत नाही.

संरक्षण खात्याने हे काही प्रमाणात करून दाखवले आहे. ‘आयडेक्स’मध्ये सेनादले आपली अडचण आधी जाहीर करतात, त्यावर स्टार्टअप उत्तर शोधतात, दीड कोटी रुपयांपर्यंतचे अनुदान मिळते आणि प्रारूप चाचणीत उतरले तर खरेदीचा मार्ग संरक्षण खरेदी प्रक्रियेतच आखलेला आहे. तो मार्ग निर्वेध आहे असे नाही. पण प्रश्न विचारणारा आणि वस्तू घेणारा एकच असल्याने अनुदान अधांतरी राहत नाही. जे संरक्षणात शक्य आहे, ते आरोग्यात, शेतीत, जलव्यवस्थापनात आणि विज्ञान संस्थांत अशक्य का असावे?

त्यासाठी नव्या लाख कोटींची आवश्यकता नाही. तीन गोष्टी पुरतील. पहिली, प्रारूपाच्या टप्प्यावरील प्रत्येक मोठ्या अनुदानाच्या फाइलीत ती वस्तू वापरू शकणाऱ्या एखाद्या विभागाचे वा संस्थेचे नाव आरंभीच असावे आणि चाचणीचे निकष त्या विभागाने लेखी द्यावेत. निकष पूर्ण झाले, तर मर्यादित संख्येची पहिली खरेदी पुन्हा निविदा न काढता व्हावी. दुसरी, सार्वजनिक संशोधन संस्थांनी उपकरण-खरेदीतील एक छोटा, निश्चित हिस्सा देशी कंपन्यांच्या पहिल्या उत्पादनांसाठी राखावा आणि त्या हिश्श्यातील प्रामाणिक अपयश लेखापरीक्षणात दोष मानले जाऊ नये. प्रयोग फसण्याची मुभा ज्या संस्था रोज स्वतःला देतात, त्यांनी ती पुरवठादारालाही द्यायला हरकत नसावी. तिसरी, कोणत्या योजनेतून किती वस्तू प्रत्यक्ष विकल्या गेल्या, हप्ते आणि बिले किती दिवसांत चुकती झाली आणि किती प्रयत्न फसले, याची आकडेवारी दरवर्षी जाहीर व्हावी. आज यशोगाथांच्या पुस्तिका पुष्कळ निघतात; फसलेल्या प्रयत्नांतून शिकण्याची सोय मात्र नाही.

हे सारे वाचून एखाद्या विद्यार्थ्याला वाटेल, की धोरणाशी आपला काय संबंध? संबंध आहे. आज प्रयोगशाळेत आयात केलेले उपकरण हाताळणारा विद्यार्थी उद्या खरेदी समितीवर बसेल, अनुदानाच्या प्रस्तावांचे परीक्षण करील, किंवा स्वतःच कंपनी काढून या दारांवर उभा राहील. उपकरणाची मागणी लिहिताना ‘हे देशात कोणी बनवते का आणि बनवत असेल तर त्याची चाचणी आपण घेऊ शकतो का?’ हा प्रश्न विचारायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. नव्या निधीतून कर्ज घेणाऱ्या कंपनीला ते एक दिवस फेडायचे आहे, आणि कर्ज फिटते ते विकलेल्या मालाच्या पैशातून. तो माल पहिल्यांदा कोण घेणार, या प्रश्नाचे उत्तर निधीच्या नियमावलीत नाही. ते मंत्रालयांच्या, रुग्णालयांच्या आणि प्रयोगशाळांच्या खरेदी विभागांत आहे.